पीयूषिकेचं गाऱ्हाणं

सर कोणाला 'कसे आहात' असं विचारत नसत. 'थायरॉईड कसो आसा?' असं विचारत. डिचोलीच्या बाजारात मासळीवालीने पाटीवरचा फडका काढायच्या आत तिला हा प्रश्न, सकाळी सायकलवरून पाव घेऊन आलेल्या पोदेराला हा प्रश्न, आणि एकदा मतं मागायला दारात आलेल्या उमेदवारालाही हाच प्रश्न. मासळीवाली सवयीने 'बरो आसा' म्हणायची. पोदेर 'देव बरें करूं' म्हणून भोंपू वाजवायचा. उमेदवार मात्र घाबरला आणि त्याच आठवड्यात रक्त तपासून आला, असं त्याच्या कार्यकर्त्यानेच आम्हाला सांगितलं.

ते आधी माझे मास्तर होते, नंतर घरमालक झाले. दोन्हीकडे त्यांचं काम एकच होतं, दुसऱ्याच्या शरीरात काय चाललंय यावर लक्ष ठेवणं.

मी इब्रामपूरची. पेडण्याकडच्या ज्या शाळेत मी शिकले तिथे सर जीवशास्त्र शिकवायचे. पुनरुत्पादनाचा धडा आला की बाकीचे मास्तर एकतर आजारी पडत, नाहीतर 'हा घरी वाचून या' म्हणून पुढचं पान उलटत. सर त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून येत. मुलगे-मुली एकत्र, दार सताड उघडं, आणि आवाज असा की शेजारच्या वर्गाचाही तो धडा आपोआप होऊन जाई.

वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाप डिचोलीकडे खाणीवर नाहीतर खनिजाच्या ट्रकवर कामाला होते, म्हणून सर सगळं शरीर खाणीतूनच समजावत. फळ्यावर सगळ्यात वर मेंदू, म्हणजे पणजीचं हेड ऑफिस. त्याच्या पोटाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी, म्हणजे मॅनेजर, आणि त्याला रस्त्यावर उघडणारी एक खिडकी. खूप खाली वृषणं, म्हणजे खाण. मधे सगळीकडे रक्त, म्हणजे रस्ता.

"मॅनेजर निरोप धाडता," सर सांगत. "निरोप म्हणजे हॉर्मोन. निरोप मेळलो काय खाणीर काम सुरू. माल रस्त्यार येता. मॅनेजर आपल्या जनेलातसून रस्तो बघीत आसता. माल खूप दिसलो काय निरोप बंद, कमी दिसलो काय परत सुरू. सगळा ह्या जनेलार चलता. उरलेला पाठ करूचा."

एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने उठून विचारलं, "सर, सगळा शरीराच्या आत आसा, मगे ही खाण तेवढी भायर कित्याक?" मुलींनी बाकांवरची नक्षी बघायला सुरुवात केली. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, म्हणे. त्यांनी खुशीने त्या मुलाला आपल्या डब्यातली अर्धी उसळ दिली आणि मग सांगितलं, "कारण हो माल थंडाईत तयार जाता. आतली गरमी तेका सोसणा नाय. थंडी पडली काय शरीर ती पिशवी वयर ओढता, गरमी झाली काय खाली सोडता. देवान फुकट बसवलेलो एसी तो." नेमके तेव्हाच हेडमास्तर दारावरून जात होते. त्यांनी 'एसी' एवढंच ऐकलं, विजेचा धडा चाललाय असं समजून मान डोलावली आणि पुढे गेले.

लग्न होऊन मी डिचोलीला आले. नवरा सीमेपलीकडच्या सिंधुदुर्गातल्या गावचा, खनिजाचा ट्रक चालवायचा. स्वतःचा ट्रक होता आणि त्याचा त्याला माझ्यापेक्षा जास्त लळा होता. आम्ही भाड्याने खोली बघायला गेलो तर दारापुढच्या ओसरीत, बाल्कांवावर, आरामखुर्चीत सर. त्यांनी मला ओळखलं. नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "दिवसाचे किती वेळ इंजिनार बसतंस?" नवऱ्याला वाटलं, घरमालक मिळकतीचा अंदाज घेतोय. तो फुशारकीने म्हणाला, "सकाळसून सांजेपर्यंत." सरांनी कपाळावर हात मारला आणि खोली दिली.

सर तोवर निवृत्त होऊन डिचोलीतल्या आपल्या घरी परतलेले, घरात एकटे. सोबतीला एक कोंबडा होता, त्याचं नाव हेडमास्तर. हा कोंबडा म्हणजे त्यांचं चालतं-बोलतं पुस्तक. त्याचा लालभडक तुरा दाखवून ते भाडेकरूंच्या पाहुण्यांना सांगत, "हो तुरो म्हणजे बोर्ड. वृषणां चालू आसत, असो तेचो अर्थ. ती काढली तर तुरो सुकता, आरवणां बंद, कोंबयांकडे बघणांय बंद." पाहुणे चहा न पिता उठत. भिंतीवर सरांच्या बायकोचा फोटो होता. साऱ्या गावाच्या ग्रंथी तोंडपाठ असलेला हा माणूस तिच्याबद्दल मात्र 'ती गेली' एवढंच म्हणे आणि खिडकीबाहेर बघत राही.

घरमालक म्हणून त्यांनी कधी मोठ्याने रेडिओ लावल्याची तक्रार केली नाही, की पाणी जास्त वापरल्याची. त्यांचं लक्ष वाळत घातलेल्या कपड्यांवर. हात मागे बांधून ते दोरीखालून तपासणीला निघत, आणि एखाद्या पुरुषाची तंग चड्डी किंवा जीन्स दिसली की ती बोटाने ताणून बघत. "ह्यात वारो खंयसून जातलो?" असं त्या कपड्यालाच विचारत. दिवाळीला लोक फराळ वाटतात, सर भाडेकरू पुरुषांना लुंग्या वाटायचे. आमच्या शेजारी राहणारा बँकेतला क्लार्क तर सर घरात असले की लुंगी लावूनच बाहेर यायचा, बँकेत जायची पॅंट पिशवीत घालून.

माझ्या नवऱ्यासाठी त्यांनी खास उपाय काढला होता. रोज सकाळी तो ट्रकपाशी पोचायच्या आत सर एक भिजवलेलं गोणपाट घट्ट पिळून त्याच्या सीटवर अंथरून ठेवत. नवरा शिव्या घालत ते काढून फेकायचा आणि पॅंटचा मागचा भाग ओला घेऊनच कामावर जायचा. खाणीवर त्याला बरंच काही ऐकून घ्यावं लागे. संध्याकाळी तो माझ्यावर ओरडायचा, "तुज्या मास्तराक सांग, मी ट्रक चलयतंय, अंडी उबयनंय नाय!" मी सरांना हे सांगितलं तर ते खूश होऊन म्हणाले, "बरोबर हेंच तेका समजूक व्हया."

मग खाणी बंद पडल्या. आमचा ट्रक फणसाखाली उभा राहिला तो राहिलाच. चाकांभोवती गवत वाढलं, केबिनमधे कोंबड्या अंडी घालायला लागल्या. नवरा आधी रोज ट्रक पुसायचा, मग एक दिवसाआड, मग पुसेनासा झाला. दिवसभर घरी बसलेला पुरुष किती जागा अडवतो हे मला तेव्हा कळलं. मग कोणीतरी त्याला बाजारातल्या जिममधे नेलं आणि तो तिथेच रमला. बघता बघता दंड फुगले, मान आखूड झाली, शर्टांची बटणं उडायला लागली.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं. सासूबाईंचा गावाहून फोन आला की पहिलं वाक्य तेच. मी सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या, माझ्यात काही खोट निघाली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला पाठवा म्हटलं. नवऱ्याने बाही वर करून मला दंड दाखवला. "ह्यात काय तपासूचा आसा? दिसणा नाय तुका?" दंडाने मूल होत नाही, हे सरांच्या वर्गात शिकलेल्या बाईने काय सांगायचं! मी भांडी आपटली.

सगळं बाहेर काढलं ते हेडमास्तरने, म्हणजे कोंबड्याने. परसातल्या कचऱ्याच्या खड्ड्यात तो पायांनी माती उकरत होता, आणि त्याने एक लहानशी काचेची शिशी उकरून काढली. मग दुसरी. सरांनी त्या उचलल्या, भिंगातून त्यावरचं पुरुषी हॉर्मोनच्या इंजेक्शनाचं नाव वाचलं आणि जसे होते तसे, खांद्यावर पंचा टाकून विहिरीवर आले. नवरा तिथे उघड्या अंगाने आंघोळ करत होता. पाठीवर मुरमं उठलेली. चार बायका कळशा घेऊन उभ्या. सरांनी त्याच्या पाठीकडे पाहिलं, शिशी वर धरली आणि वर्गातल्या आवाजात विचारलं, "रे, तुजी वृषणां ल्हान झाली काय?"

एका बाईच्या हातातली कळशी विहिरीत गेली. नवरा बादली घेऊन सरांच्या अंगावर धावला. सर जागचे हलले नाहीत. त्याच्या लाल झालेल्या तोंडाकडे कौतुकाने बघत म्हणाले, "ॲड्रिनलिन. ही ग्रंथी बरी चलता तुजी." नवऱ्याने त्याच दिवशी खोली सोडायची म्हणून सामान बांधायला घेतलं. मी एकीकडून बांधलेलं सोडत होते. इंजेक्शनांचं मला काहीच ठाऊक नव्हतं. विचारलं तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, जिमवाल्याने दिली, पुरुषाची ताकद वाढते म्हणाला, "तेणी पोरय जाता म्हणालो." मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. बाप व्हायला म्हणून माणूस गुपचूप सुया टोचून घेत होता, आणि बायकोला एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी सर फणसाखाली आले. नवरा ट्रकच्या पायरीवर बसला होता. मी जवळच कपडे वाळत घालत होते. सरांनी शिशी बॉनेटवर ठेवली आणि पोराला विचारावं तसं विचारलं.

"जेटीर मालाचो ढीग लागलो काय तुमका काय सांगतत?"

"लोडिंग बंद," नवरा घुश्श्यातच म्हणाला.

"कोण सांगता?"

"वरसून फोन येता."

"खाणीत माल आसलो तरी?"

"आसलो तरी बंद. वरच्यांका ढीग दिसता मा."

"आणि तो ढीग आपल्या खाणीचो न्हय, कोणी भायलो माल हाडून ओतलो आसात तर?"

"तरी बंदच करतले. ढीग कोणाचो तो वरसून थोडोच दिसता?"

सर नुसते शिशीकडे बघत राहिले. नवऱ्यानेही शिशीकडे पाहिलं.

"म्हणजे माजी खाण..." नवरा म्हणाला.

"तुवेंच बंद केलंस. शिशीतलो माल रक्तात ओतलंस, पीयूषिकेन जनेलातसून बघल्यान, म्हणाली, आता माजो निरोप कित्याक? निरोप बंद, म्हणजे खाणीचो आपलो मालय बंद आणि बियाणांय बंद. सुई बंद कर. डॉक्टराकडे जा. मॅनेजर परत जनेलात येतलो, पण तेका वेळ लागतलो."

नवरा डॉक्टरकडे गेला. तपासणीत बियाणं जवळजवळ नव्हतंच. त्याने जिम सोडली, सुया सोडल्या, आणि मला बजावलं, हे कोणाला सांगायचं नाही. कोणाला म्हणजे आईला. मी म्हटलं, "आईंका सांग, त्यो माका बोलतत." "सांगतंय मगे," तो म्हणाला. ते मग काही येईना.

आलं ते सासूबाईंचं बोलावणं. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरलं होतं. ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: देवापुढे नारळ ठेवायचा, आपलं दुखणं गावकराला सांगायचं, आणि गावकर ते मोठ्याने देवाच्या कानावर घालतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली सगळी माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. सासूबाईंनी दुखणं आधीच ठरवून टाकलं होतं, सुनेच्या कुशीचा दोष. मला मूल हवं होतं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त हवं होतं की माझं नाव त्या देवळात तसं घेतलं जाऊ नये. गाऱ्हाण्यात एकदा बाईचं नाव असं गेलं की पुढे तिला पाच पोरं झाली तरी गाव ते विसरत नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं, नवरा ट्रकच्या टायरांत हवा आहे का ते बघायला गेला.

सामान बरंच होतं म्हणून फणसाखालचा ट्रक काढायचा ठरला. निघताना बघतो तर सर धुतलेला सदरा घालून ट्रकपाशी उभे. "तुमच्या गावचो देव बघूचो आसा," म्हणाले. हातात भिजवलेलं गोणपाट. नवऱ्याने ते त्यांच्या हातातून काढून मागे हौद्यात फेकलं, पण त्यांना चढायला हात मात्र दिला.

देवळात गर्दी होती. गावकर म्हातारा, सकाळपासून गाऱ्हाणी घालून घसा बसलेला. सासूबाई नारळ ठेवून पुढे झाल्या आणि सांगायला लागल्या, "माज्या सुनेचो..."

"गावकरांनू!" मागून सरांचा वर्गातला आवाज आला. "गाऱ्हाणां चुकीचा गेला तर देव औषध खंय धाडतलो? चुकीच्या घराक?"

गावकराने मान वळवून पाहिलं. सरांना तिथे कोणी ओळखत नव्हतं. पण प्रश्न रीतीला धरून होता. चुकीचं गाऱ्हाणं देवापर्यंत जाऊ न देणं ही गावकराचीच जबाबदारी. "मगे बरोबर काय ता तुमका म्हायत आसा?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"तीस-पस्तीस वर्सां शिकयलंय मी."

काय शिकवलं हे गावकराने विचारलं नाही. त्याचा घसा इतका दुखत होता की त्याने नुसता हात केला. सर पुढे आले, देवाला नमस्कार केला आणि छाती भरून घेतली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ म्हणालं.

"मेंदवाच्या पोटाक वाटाण्याएवढी पीयूषिका तूच बसयलंस, आणि तिका जनेल तूच दिलंस रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माझ्या शेजारच्या बाईने हळूच विचारलं, ही पीयूषिका गोव्यातली कुठली देवी.

"तिच्या निरोपार दोनय वृषणांनी काम करूचा, अशी रीत तूच घातलंस रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायकांनी पदर तोंडात धरले. म्हाताऱ्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"ती थंड रवाक व्हयी म्हणान भायर टांगलंस, आणि ह्या तुज्या लेकरान ती इंजिनार शिजयल्यान रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वयर भायलो माल टोचून घेतल्यान, पीयूषिका फसली, आणि खाण बंद पडली रे म्हाराजा! ती खाण परत चालू कर रे म्हाराजा!"

ह्यावर जो 'व्हय म्हाराजा' झाला तसा त्या देवळाने कधी ऐकला नसेल. त्या गावातली निम्मी घरं खाणीच्या कामावर जगलेली. घरोघरी ट्रक नाहीतर माणसं रिकामी बसलेली. लोकांनी हात वर करून, पोटातून म्हटलं. कोणीतरी घंटा वाजवली. गावकर बसल्या घशाने परत परत म्हणत राहिला.

गजर निवतो तोच सर म्हणाले, "ह्या सुनेचो ह्यात काय एक दोष नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोक सवयीने म्हणाले, आणि मग एकमेकांकडे बघायला लागले. सासूबाईंचे ओठ हलले नव्हते. त्या माझ्या नवऱ्याकडे बघत होत्या. नवरा जमिनीकडे.

सरांनी इथेच थांबायला हवं होतं. ते थांबले नाहीत. पण आवाज वर्गातला राहिला नाही.

"माज्या बायलेच्या नावानय अशींच गाऱ्हाणी घातली रे म्हाराजा. वर्सानवर्सां घातली. मी थंय बाजूक उबो आसलंय. सगळा शिकलेलो आसलंय, दुसऱ्यांका शिकयलंय. आपली तपासणी करूक माका लाज दिसली. ती दोष घेवनच गेली रे म्हाराजा."

कोणी काही म्हणेना. सर तसेच हात जोडून उभे, जणू उत्तर आल्याशिवाय त्यांना हलता येणार नव्हतं.

मग एकच आवाज आला.

"व्हय म्हाराजा," माझा नवरा म्हणाला. तो पुढे जाऊन सरांच्या बाजूला उभा राहिला. "आये, सुयो मी टोचून घेतल्यो. दोष माजो आसा, हिचो न्हय." आणि त्यानंतर सगळं देऊळ हळू आवाजात म्हणालं, "व्हय म्हाराजा."

गावकराने नारळ फोडला. सासूबाईंनी त्यातली एक कवड, म्हणजे अर्धा नारळ, उचलून माझ्या हातात दिली. त्या दिवशी तेवढं पुष्कळ होतं.

पुढे डॉक्टरांची औषधं झाली, बरीच वाट बघावी लागली, मग मुलगी झाली. सर तिला बघायला आले, तिच्या टाळूवर हात ठेवून म्हणाले, "थायरॉईड बरो दिसता." सर आता नाहीत. त्यांची आठवण निघाली की मला मात्र त्या देवळातून परत निघतानाचा क्षणच आठवतो.

सगळे ट्रकमधे चढले होते. नवरा चालू करायच्या आधी खाली उतरला, मागून ते गोणपाट शोधून काढलं, देवळाच्या नळावर भिजवलं, घट्ट पिळलं आणि आपल्या सीटवर अंथरलं. त्यावर बसल्यावर त्याचं तोंड कसनुसं झालं. मग सरांकडे न बघता त्याने विचारलं, "सर, तुमका व्हया काय एक?"

सर समोरच्या काचेतून बघत होते.

"माका आता कित्याक रे, पूता," ते म्हणाले.